साडूंची एकदाणी

चिकट माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. खामगावात मोटर वाइंडिंगचं दुकान चालवणाऱ्याला चिकट माणसांची काय कमी? जळालेली मोटर पोत्यात घालून आणायची आणि जुनीच तार धुऊनपुसून पुन्हा गुंडाळता येईल का म्हणून विचारायचं, हे आमच्याकडे रोजचं. पण चिकटपणालाच कला म्हणवून घेणारा, आणि वर ती कला चारचौघांना शिकवत फिरणारा माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात एकच आहे. तो माझ्याच कपाळी साडू म्हणून यावा, यात माझा काहीएक दोष नाही. सासऱ्यांनी थोरली मुलगी त्यांना दिली तेव्हा मी शाळेत होतो. मला विचारलं असतं तर मी तेव्हाही नाही म्हटलं असतं.

माझे हे थोरले साडू संग्रामपूरच्या बाजारात मापाडी होते. जन्मभर लोकांची तूर, ज्वारी, कापूस काट्यावर घातली आणि स्वतः मात्र कशातच कधी वजन टाकलं नाही. निवृत्त झाल्यावर माणसानं गप्प बसावं, पेपर वाचावा, देवळात जावं. साडूंनी मधमाश्या पाळल्या. त्या तिसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या निंबावर जाऊन बसल्या आणि मध शेजाऱ्यानं खाल्ला. मग न्हाणीघरात अळिंबी लावली, आणि घरच्या माणसांना दीड महिना अंगणात खाट आडवी लावून आंघोळ करावी लागली. तिसऱ्या खेपेला त्यांनी कुणाच्या तरी मोबाइलवर कमी खर्चात मण्यांचे दागिने घरच्या घरी कसे करावेत याचा व्हिडिओ पाहिला. व्हिडिओतली बाई म्हणाली होती, थोड्या पैशांत सुरुवात करा. साडूंना त्यातले पैसेही खटकले. दुसऱ्या दिवशी अर्ध्या तिकिटाच्या एसटीनं ते माझ्या दुकानात हजर झाले, आणि खुर्चीवर बसायच्या आधी म्हणाले, "साडूभाऊ, ती बाई थोडक्यात करून राह्यली. आपन फुकटात करू."

त्यांच्या वहीचं पहिलं पान मी डोळ्यांनी पाहिलं आहे. व्हिडिओतून उतरवलेली सामानाची यादी, आणि प्रत्येक वस्तूवर काट मारून पुढे तिचा फुकट पर्याय. बारीक तार, त्यावर काट, पुढे माझ्या दुकानाचं नाव. जळालेल्या मोटरीतून निघालेली तांब्याची तार मी भंगारात किलोवर विकतो, हे त्यांना माहीत होतं. पण आपण नातेवाईक आहोत, हे त्यांना त्याहून जास्त माहीत होतं. नाजूक पक्कड, त्यावर काट, पुढे पुन्हा मीच. मण्यांची सुई, तिच्या जागी गोधडीची सुई, जिच्यावरून मणीच काय, भोक पाडलेली सुपारीसुद्धा गेली नसती. ती त्यांनी आठवडाभर दगडावर घासून बारीक केली. मण्यांच्या जागी शेजारपाजारच्या तुटक्या माळा आल्या. मणी घरंगळू नयेत म्हणून मखमली चटई हवी होती, तिथे ताईंचं धान्य पाखडायचं सूप आलं. दोरा म्हणून शिलाई मशीनचा दोरा, दिवाळीतल्या उरलेल्या मेणबत्तीवर ओढून काढलेला. व्हिडिओतल्या बाईनं शेवटी सांगितलं होतं की धीर लागतो. त्यावर मात्र काट नव्हती. ते एकच सामान साडूंकडे घरचं होतं.

ताई म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. आमच्याकडे या नात्याला आकडसासू म्हणतात, आणि नावावरून वाटतं तेवढी ती बाई कडक मुळीच नाही. कडक असती तर हा गडी कधीच सरळ झाला असता. या ताईंच्या लग्नात, भर मांडवात, साडूंनी माझ्या सासऱ्यांना शब्द दिला होता की पुढच्या साली पोरीच्या गळ्यात एकदाणी घालीन. एकदाणी म्हणजे सोन्याच्या गोल मण्यांची एक सर. आमच्या भागात बाईच्या गळ्यात काळ्या पोतीखाली ती असली म्हणजे घर बरं चाललंय असं समजतात. पुढचं साल यायला चाळीस वर्षं लागली आणि तरी ते आलं नाही. सासरे वाट बघून गेले. प्रत्येक लग्नाकार्यात ताई नुसत्या पोतीनं उभ्या राहायच्या आणि त्यांच्या शेजारी धाकटी बहीण, म्हणजे माझी बायको, मी घडवून दिलेली एकदाणी घालून. मी दरवेळी साडूंना विचारायचो, काय, कोणतं साल चालू आहे? ते हसायचे. ताईही हसायच्या. मला वाटायचं, आपण फार विनोदी आहोत.

त्याच वर्षी माझ्या मुलाचं लग्न ठरलं. मुलगी दुसरबीडची, घर मोठं, शेती बक्कळ, आणि व्याही असा की हसला तर तिसऱ्या मांडवात ऐकू जावं. लग्न मार्गशीर्षात आमच्याच दारी धरलं. ही बातमी मी दिली तेव्हा साडू माझ्याच दुकानात बसून माझीच तार सोलत होते. पक्कड खाली ठेवली आणि म्हणाले, यंदा तुमची ताई मांडवात एकदाणी घालून येईल. मी म्हटलं, सोन्याचा भाव ठाऊक आहे का? म्हणाले, सोन्याचं कोण बोलून राह्यलं? तेव्हा मला उलगडलं की हा माणूस चाळीस वर्षांचा शब्द फुकटात उरकायच्या बेतात आहे, आणि माझं डोकंच फिरलं. मी बायकोला घरी जाऊन सांगितलं की तुझ्या बहिणीची आता पार शोभा होणार.

पुढचे सहा महिने दर मंगळवारी दुकानात प्रदर्शन. तयार झालेला प्रत्येक हार साडू स्वतःच्या गळ्यात घालून पाहायचे, कारण आरसा माझ्या दुकानात होता आणि ताई संग्रामपुरात. बाकावर मोटरीसाठी ताटकळलेले शेतकरी, समोर पांढऱ्या मिशांचा, टोपीवाला म्हातारा, गळ्यात गुलाबी मोत्यांची सर, मान डावीकडे, मान उजवीकडे. एकदा जळगाव जामोदकडचा एक पाटील मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "मिस्तरी, म्हातारबुवाले घरचे दवाखान्यात नेत नाईत काय?" मी सांगितलं की ते आमच्या ओळखीचे नाहीत, वाट चुकून आले आहेत. साडूंनी तेवढ्यात त्याच पाटलाला जवळ बोलावलं आणि त्याच्या गळ्यावर माप घेतलं. म्हणाले, बाईचा गळा यापेक्षा दोन बोटं कमी धरायचा. पाटील मोटर तशीच ठेवून गेला आणि चार दिवस फिरकला नाही.

मणी ठेवायला डब्या विकत घेणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. ताईंच्या मसाल्याच्या डब्यात सात वाट्या आयत्या होत्या. त्यांतल्या तीन साडूंनी मण्यांसाठी घेतल्या, आणि काळे बारीक मणी ठेवले ते नेमके मोहरीच्या शेजारी. व्हायचं ते झालं. त्या रविवारी मी आणि बायको जेवायला गेलो होतो. ताईंनी वरणाला फोडणी घातली, मोहरी तडतडेना म्हणून जाळ वाढवला, तरी तडतडेना. पहिल्या घासाला माझ्या दाढेखाली कडकन आवाज झाला. मी मणी ताटाच्या कडेला काढला, दुसरा काढला, तिसरा काढला. साडू शेजारी बसले होते. मला वाटलं, माझी दाढ गेली का विचारतील. त्यांनी माझ्या ताटातले मणी उचलले, पाण्यानं धुतले, उजेडात धरले आणि समाधानानं म्हणाले की तेलात तळूनही रंग गेला नाही, म्हणजे माल पक्का आहे. अशा माणसाशी काय बोलणार? ताईंनी मान खाली घालून पदर तोंडाला लावला होता. हसत होत्या.

माझ्या बायकोलाही त्यांनी सोडलं नाही. तिला कानातले भेट मिळाले. तिनं ते एका बारशाला घातले, उगाच वाईट वाटायला नको म्हणून. तार माझ्याच मोटरीची, वरचा लेप खरवडलेला, ज्येष्ठाचा घाम; घरी येईतो कानाची पाळी हिरवीकाळी झाली आणि एक कानातलं पाहुण्यांच्या कढीत सापडलं. मी साडूंना झाडलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं की लेप खरवडू नये. माझ्या बायकोच्या कानाचा त्यांना झालेला उपयोग एवढाच.

पण खरा कळस पोळ्यानंतर झाला. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी खामगावच्या बाजारात बैलांचा साज मातीमोल होतो. गोंडे, घुंगरमाळा, कवड्या, आणि निळ्या काचेचे ते टपोरे मणी, मधे पांढरा पट्टा असलेले. साडूंनी ते मणी पाहिले आणि त्यांच्यातला मापाडी जागा झाला. त्यांनी ते माळेवर न घेता तोलून घेतले. पिशवी माझ्या टेबलावर रिकामी केली तेव्हा मी कपाळाला हात लावला. आमच्याकडे बैल असलेलं प्रत्येक घर तो मणी झोपेतसुद्धा ओळखतं. साडूंच्या घरी सात पिढ्यांत बैल नव्हता. त्यांनी शेतातून आलेलं पोतं पाहिलं, ते आणणारी बैलजोडी बाजाराच्या फाटकाबाहेर राहिली. मी समजावून सांगितलं की अहो, हा बैलाचा मणी आहे, मांडवात दुसरबीडची पन्नास शेतकरी माणसं असतील, ताईंना तोंड दाखवायला जागा राहणार नाही. ते ऐकून घेईनात. म्हणाले, "मनी तो मनी. त्याच्यावर कोनाचं नाव लिहेल असते काय? माळ सोडून पुन्हा ओवली का कोन ओळखते?"

निळ्या मण्यांच्या मधोमध सोनेरी काहीतरी हवं होतं, कारण शेवटी ती एकदाणी होती. मग साडूंनी माझ्या तांब्याच्या तारेचे मणी वळायला घेतले. काडीवर तार गुंडाळायची, वेढ्याला वेढा चिकटून, दोन्ही टोकं आत दाबायची. यासाठी ते तासन्‌तास माझ्या शेजारी बसून मी कॉइल कशी भरतो ते पाहत राहिले. माझी पक्कड तर त्यांच्याचकडे होती. मी शेवटी दुसरी विकत आणली. मागितली की म्हणायचे, झालं का आणून देतो. पहिले मणी पाहून मी पोट धरून हसलो. विसावे-पंचविसावे हसण्याजोगे नव्हते, पण मी सवयीनं हसलो. पुढे दिवाळीच्या सुमारास एक मणी टेबलावर विसरून गेले होते, तो मी भिंग लावून पाहिला. वेढे मोजले. इतकं समान काम माझ्या हाताखाली पाच वर्षं राबलेल्या कारागिरालाही जमलं नव्हतं. हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगण्याची काही गरज नव्हती.

लग्नाच्या आठ दिवस आधी माझी बायको संग्रामपूरला जाऊन आली. तिच्याकडे दुसरी एक सर होती, खऱ्या सोन्याची, आईकडून आलेली. ती तिनं ताईंपुढे ठेवली आणि म्हणाली की लग्नापुरती घाल, कुणाला कळायचं नाही. ताईंनी ती हातात घेतली, आईची म्हणून डोळ्यांना लावली आणि परत दिली. म्हणाल्या, राहू दे, हे माझ्यासाठी करून राह्यले. बायको घरी येऊन रडली. मी साडूंना चार शिव्या घातल्या, आणि मुलाला बजावून ठेवलं की फोटोवाल्याला मावशीचा फोटो लांबून घ्यायला सांग.

लग्नाच्या दिवशी ताई मांडवात आल्या. हिरवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू, काळी पोत, आणि पोतीखाली ती. एक निळा मणी, एक तांब्याचा, एक निळा, एक तांब्याचा. चिंचेनं घासून तांबं असं लखलखीत केलेलं की लांबून कुणी फसलं असतं. पण मांडवात लांब कुणी नसतं. बायका बघत होत्या, एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. पंगतीत मी वाढायला होतो, साडू पाण्याचा जग घेऊन माझ्या मागे. ताई वाढता वाढता व्याह्यांच्या पानासमोर वाकल्या आणि ज्याची मला सहा महिने भीती होती ते झालं. व्याही माणूस मनानं वाईट नाही, पण जीभ सैल. ताईंच्या गळ्याकडे बघून तो मोठ्यानं म्हणाला, "काय हो ताई, ही तं आमच्या जोडीची माळ दिसते. पोळ्याची."

सगळी पंगत हसली. एखाद्यानं हसावं आणि शेजारच्यानं चालू ठेवावं, तशी त्या टोकापर्यंत हसली. ताई हातात भाजीची बादली घेऊन सरळ उभ्या राहिल्या. घाई नाही, राग नाही.

"हाव, पोळ्याचीच हाये," त्या म्हणाल्या. "मी शेतकऱ्याची पोरगी हावो, मले पह्यल्या दिवशीच समजलं. बैलाले दरसाल भेटते. मले चाळीस सालात आता भेटली. पन तुमच्या बैलाले तीन महिने डोये फोडून कोनी ओवून देल्ली नसन."

आणि त्यांनी व्याह्यांच्या पानात भाजी वाढली. भरपूर वाढली. व्याही खाली बघून जेवायला लागला. थोड्या वेळानं त्याची बायको उठली, ताईंजवळ आली आणि तांब्याचा एक मणी दोन बोटांत धरून विचारू लागली, हा कसा वळला. मग दुसरी आली. मी मागे वळून पाहिलं तर साडूंच्या हातातला जग तिरका झाला होता आणि पाणी त्यांच्याच चपलांवर सांडत होतं. मी जग काढून घेतला. ते माझ्याकडे बघत अगदी हळू म्हणाले, "साडूभाऊ, तिले पह्यल्यापासून माहीत होतं?"

मी या माणसाला तीस वर्षं उत्तरं देत आलो आहे. त्या दिवशी मी त्यांचा जग घेऊन पुढच्या पानांना पाणी वाढलं. त्यांना वाटत होतं की मणी ओळखू येत नाही. आणि जिनं ओळखला तिनं तीन महिने त्यांच्यासमोर ओळख दाखवली नाही. मी आणि माझं ते साल मोजणं, दोन्हीची मला लाज वाटली. घरी आल्यावर बायको दागिने उतरवत होती. सोन्याची एकदाणी डबीत ठेवत ती एवढंच म्हणाली, "तुमी तं सारा जन्म तारच गुंडाळून राह्यले. माह्यासाठी एखादा वेढा घातला असता." मी म्हटलं, तुझी तर सोन्याची आहे. ती म्हणाली, हो, आहे ना. आणि डबी बंद केली.

लग्नानंतरच्या मंगळवारी साडू आले. कागदात गुंडाळलेली माझी पक्कड त्यांनी टेबलावर ठेवली, तेल लावून, पुसून, दातांतली घाण काढून. नेलेली वस्तू या माणसानं परत आणण्याचा हा पहिला प्रसंग, आणि मला तो मुळीच आवडला नाही. मी म्हटलं, राहू द्या तुमच्याजवळ, पुढचं काही कराल. दुसरबीडच्या बायका माळ मागतायत असा निरोप आला होता, तोही सांगितला. त्यांनी मान हलवली. एकच करायची होती म्हणाले, आता बारीक दिसतही नाही. अर्धा चहा घेतला आणि साडेबाराच्या एसटीनं गेले. माझ्या आरशात त्या दिवशी त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

आता ते क्वचित येतात. मंगळवारी बाकावर नुसते मोटरीवाले असतात, आणि दुकानात सगळी माणसं शहाणी असली की वेळ जात नाही. रिकामा असलो की मी काडीवर तार घेऊन बसतो. हजारो वेढे घातलेला माझा हात, पण त्या बोटभर मण्यापाशी वेढ्यावर वेढा चढतो. ओळीनं सात मणी जमले आहेत, त्यातले चार बरे आहेत. बायकोला अजून सांगितलेलं नाही. जुन्या तारेतली चांगली बारीक तार भंगारात न देता डब्यात टाकतो, तो डबा भरत आला. पक्कड त्याच्या वरच खिळ्याला टांगली आहे. परवा एका गिऱ्हाइकानं दोन मिनिटांसाठी म्हणून तिच्याकडे हात नेला, तेव्हा मी त्याला दुसरी दिली. ती माझी नाही म्हटलं, साडूंची आहे.